इमारत-माहिती प्रतिमानातील घटक-फॅमिली

इमारत-माहिती प्रतिमानातील घटक-फॅमिली : इमारतीच्या संगणकीय प्रतिमानात दार, खिडकी, खांब, तुळई, कठडा यांसारखे घटक पुनःपुन्हा वापरता यावेत म्हणून त्यांची जी प्राचलबद्ध व्याख्या एकदाच तयार करून ठेवतात, तिला ‘फॅमिली’ असे म्हणतात. ही संज्ञा रेव्हिट या आज्ञावलीमुळे रूढ झाली व मुंबईतील वास्तुविशारदांच्या आणि संरचना अभियंत्यांच्या कार्यालयांत ती याच रूपात वापरली जाते. आर्किकॅड या दुसऱ्या प्रमुख आज्ञावलीत अशाच व्याख्येला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात.

कागदावरील किंवा संगणकावरील साध्या आराखड्यात दार म्हणजे काही रेषा व एक कंस असतो. रेषांचा अर्थ वाचणाऱ्याने लावावयाचा असतो. इमारत-माहिती प्रतिमानात मात्र दार हे दार म्हणूनच नोंदलेले असते. त्याला रुंदी, उंची, जाडी, लाकडाचा प्रकार, ज्या भिंतीत ते बसविले ती भिंत आणि ज्या मजल्यावर ते आहे तो मजला, अशी माहिती जोडलेली असते. भिंत सरकविली की दार तिच्याबरोबर सरकते व परिमाणांचा तक्ता आपोआप बदलतो. या पद्धतीचे सर्व लाभ फॅमिलीच्या व्याख्येवर अवलंबून असतात आणि तिच्या बहुतेक अडचणीही तेथेच उगम पावतात. नव्या इमारतीत घटक व्याख्येप्रमाणे घडविले जातात, त्यामुळे अडचणी कमी येतात. जुन्या इमारतीत घटक आधीच अस्तित्वात असतो आणि व्याख्या त्याच्यामागून येते. गिरगावातील लाकडी सांगाड्याच्या चाळी, परळ-लालबाग येथील गिरणी-शेड, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील काँक्रीटच्या चाळी आणि दादरच्या गोलाकार सज्जांच्या इमारती यांची प्रतिमाने करताना फॅमिलीची शक्ती व मर्यादा या दोन्ही स्पष्ट दिसतात.

फॅमिली, प्रकार व नग : घटकाची नोंद तीन पातळ्यांवर होते. फॅमिली म्हणजे घटकाचे सर्वसाधारण रूप, उदा., दोन झडपांची गजांची खिडकी. तिच्यातील काही प्राचलांना ठराविक मूल्ये दिली की ‘प्रकार’ सिद्ध होतो, उदा., ९०० मिमी. रुंद व १,२०० मिमी. उंच खिडकी. त्या प्रकारची प्रत्यक्ष जागेवर बसविलेली प्रत्येक खिडकी हा ‘नग’ होय. प्रकाराचे मूल्य बदलल्यास त्याचे सर्व नग एकाच वेळी बदलतात. नगाचे मूल्य बदलल्यास केवळ तो एक नग बदलतो. फॅमिलीचा सांगाडा अदृश्य संदर्भ-प्रतलांचा असतो. प्रतलांमधील अंतरांना प्राचलांची नावे देतात आणि घन आकार त्या प्रतलांना जखडून ठेवतात. प्राचलांमध्ये सूत्रांच्या साहाय्याने परस्परसंबंध जोडता येतात, उदा., झडपेची रुंदी ही चौकटीच्या आतील रुंदीच्या निम्मी.

भिंत, जमीन, छप्पर व जिना यांसारखे घटक आज्ञावलीतच अंतर्भूत असतात. त्यांना प्रणालीबद्ध फॅमिली म्हणतात. त्यांचे प्रकार वापरकर्त्याला वाढविता येतात, पण त्यांची मूळ घडण बदलता येत नाही. दार, खिडकी, खांब, फर्निचर इ. घटकांच्या फॅमिली स्वतंत्र संचिकेत तयार करून प्रतिमानात आणता येतात. तिसरा वर्ग जागच्या जागी, एका इमारतीपुरत्या घडविलेल्या फॅमिलींचा आहे.

इतिहास : एक मूळ आकृती व तिचे अनेक नग ही कल्पना संगणकीय आरेखनाइतकीच जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या स्केचपॅड या प्रणालीत मूळ आकृती बदलली की तिचे सर्व नग बदलत आणि रेषांवर भूमितीय निर्बंध घालता येत. चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास इमारतीचे वर्णन रेषांऐवजी घटकांच्या माहितीसाठ्यातून करण्याची पद्धत मांडली. हंगेरीत १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्ट या कंपनीने आर्किकॅड विकसित केली. यंत्रभागांच्या अभिकल्पासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्राचलबद्ध आज्ञावल्या प्रचारात आल्या होत्या. त्या क्षेत्राचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञांनी १९९७ मध्ये काढलेल्या कंपनीने २००० साली रेव्हिटची पहिली आवृत्ती आणली. २००२ मध्ये ही कंपनी ऑटोडेस्कने विकत घेतली. निरनिराळ्या आज्ञावल्यांमध्ये माहितीची देवघेव व्हावी म्हणून आयएफसी हे सामाईक माहितीरूप तयार करण्यात आले व २०१३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. फॅमिलीची कल्पना आरेखनातून व यंत्रभागांच्या कारखानदारीतून आलेली आहे. एका मापाचे हजार नग एकसारखेच असतील, हे तिचे गृहीतक होय. जुन्या वास्तूंसाठी ही कल्पना वापरण्याचा महत्त्वाचा प्रयत्न डब्लिन येथील मॉरिस मर्फी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी लेसर-क्रमवीक्षणाने मिळालेल्या मापांवर प्राचलबद्ध घटक बसविले आणि ते घटक तयार करताना अठराव्या शतकातील वास्तुरचनेच्या नमुना-ग्रंथांचा आधार घेतला. गिरगावातील चाळीच्या बाबतीत असा आधार क्वचितच मिळतो. तेथील पुष्कळसे निर्णय जागेवर, हाती आलेल्या लाकडाच्या लांबीनुसार, सुताराने घेतलेले असतात.

एकसारख्या इमारती : काही जुन्या इमारती फॅमिलीच्या गृहीतकाशी चांगल्या जुळतात. मुंबई इलाख्याच्या विकास खात्याने, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी हे याचे ठळक उदाहरण आहे. मुळात ५०,००० गाळ्यांची योजना होती. प्रत्यक्षात २०७ चाळी बांधून झाल्या : वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडी येथे १२. तळमजला व त्यावर तीन मजले, मधून जाणारा बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंस खोल्या आणि सामाईक स्वच्छतागृहे अशी त्यांची सर्वसाधारण रचना आहे. एका चाळीत साधारणपणे ८० गाळे असून प्रत्येक गाळ्याचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौ. फुट आहे. सलोह काँक्रीटच्या या इमारतींत एक गाळा म्हणजे एक नग असे मानून संपूर्ण चाळीचे प्रतिमान थोड्या अवधीत उभे करता येते. या चाळींचा पुनर्विकास महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणामार्फत (म्हाडा) सुरू असून वरळी येथील पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या सदनिका ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या.

गिरण्यांच्या करवती छपरांचेही असेच आहे. एका दात्याचा लोखंडी सांगाडा, त्याची उत्तरेकडील उभी काच व दक्षिणेकडील उतार यांची एक फॅमिली केली की ठराविक अंतरावर तिची आवली मांडून शेड पूर्ण होते. कारण मुळात हा सांगाडाही कारखान्यात घडविलेला, मापाबरहुकूम असतो. लहानसहान फरक असले, तरी ते खांबांच्या रांगेत सहज टिपता येतात.

मर्यादा : गिरगावातील लाकडी सांगाड्याच्या चाळीत परिस्थिती उलट असते. सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा, त्यांतील विटांचा भराव, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या व त्यांवर कोबा किंवा लादी, पुढे काढलेली लाकडी गॅलरी, लाकडी जिना आणि वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, अशी तिची सामान्य घडण असते. या घडणीचे प्रतिमान करताना पुढील मर्यादा प्रकर्षाने जाणवतात.

(१) भिंतीची मर्यादा : प्रणालीबद्ध भिंत ही दोन समांतर पृष्ठांची, एकसारख्या जाडीची व उभी, असे मूळ गृहीतक आहे. रेव्हिटच्या २०२१ च्या आवृत्तीत कलत्या भिंतीची आणि २०२२ च्या आवृत्तीत वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंतीची सोय आली. तथापि मध्यभागी फुगलेली, एका टोकास खचलेली किंवा मजल्यागणिक निराळ्या दिशेने सरकलेली भिंत यांपैकी कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

(२) आधाराची मर्यादा : भिंतीत बसणारी म्हणून घडविलेली खिडकीची फॅमिली भिंतीवाचून ठेवता येत नाही. भिंती वास्तुविशारदाच्या संचिकेत आणि खिडक्या दुसऱ्या तज्ञाच्या संचिकेत असतील, तर जोडून घेतलेल्या परक्या भिंतीत खिडकी बसत नाही व भोकही पडत नाही. एकदा भित्तिआधारित केलेली फॅमिली नंतर आधारविरहित करता येत नाही.

(३) आवलीची मर्यादा : गॅलरीच्या कठड्यातील गज सूत्राने मोजून मांडता येतात. परंतु जुन्या आवृत्त्यांत आवलीतील नगांची संख्या दोनहून कमी झाली की फॅमिली मोडत असे. शिवाय सूत्रांत ‘जर-तर’ अशी अट घालता येते, पण एखादी क्रिया पुनःपुन्हा करविता येत नाही.

(४) वक्रतेची मर्यादा : तुळईची फॅमिली म्हणजे एका रेषेवरून फिरविलेला छेद होय. वर्षानुवर्षांच्या भाराने वाकलेल्या, पिळवटलेल्या व मध्ये कमी झालेल्या छेदाच्या तुळईला ही व्याख्या अपुरी पडते.

(५) वर्गाची मर्यादा : प्रत्येक फॅमिलीला भिंत, खांब, दार असा एक वर्ग द्यावाच लागतो. गॅलरीचा लाकडी कंस, पावसाळ्यापूर्वी लावलेला टेकू किंवा दुरुस्तीच्या वेळी जुन्या खांबाला जोडून उभा केलेला लोखंडी गर्डर यांसाठी समर्पक वर्ग सहजी सापडत नाही.

पर्यायी रचना : या मर्यादांवर व्यवसायात काही पर्यायी रचना रूढ झाल्या आहेत. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे होत.

गाभा व कवच : खिडकीचा खरा आकार आधारविरहित फॅमिलीत घडवितात. मग ती फॅमिली भित्तिआधारित किंवा पृष्ठाधारित अशा दुसऱ्या रिकाम्या फॅमिलीच्या पोटात बसवितात. बाहेरचे कवच केवळ आधार शोधते व भोक पाडते. गाभा तोच राहतो. आधार बदलल्यास कवच बदलावे लागते, खिडकी पुन्हा घडवावी लागत नाही. पोटातील फॅमिली ‘सामाईक’ म्हणून नोंदविली, तरच तिची तक्त्यात स्वतंत्र गणना होते. ही नोंद विसरल्यास खिडक्यांची संख्या बरोबर येते, पण त्यांतील गजांची वा बिजागऱ्यांची येत नाही.

दृश्यतेची युक्ती : आवलीची संख्या सूत्राने कधीच दोनखाली जाऊ न देता, एका गजासाठी स्वतंत्र आकार ठेवतात आणि संख्येनुसार आवली किंवा एकटा गज यांपैकी एकच दाखवितात. येथे एक सावधगिरी आवश्यक असते. दृष्टीआड केलेला आकार फॅमिलीतून नाहीसा झालेला नसतो. तो पोकळ घन असेल तर न दिसताही भिंत कापीत राहतो.

अनुकूली घटक : २०११ च्या आवृत्तीपासून रेव्हिटमध्ये बिंदूंवर आधारलेल्या फॅमिली करता येतात. तुळईची दोन टोके व मधला एक बिंदू मोजून दिला, की घटक त्या तीन बिंदूंतून जाणारा आकार घेतो. वाकलेल्या कड्यांसाठी हा मार्ग सोयीचा आहे. प्रत्येक कडीचे बिंदू निराळे असले, तरी फॅमिली एकच राहते.

जागच्या जागी घडविलेली फॅमिली : फुगलेली भिंत किंवा झिजलेला जिना यांसाठी शेवटचा उपाय म्हणून हा मार्ग वापरतात. त्याची नक्कल केली की प्रत्येक नक्कल ही नवी स्वतंत्र व्याख्या ठरते. परिणामी संचिका जड होते व एकाचा बदल दुसऱ्यास लागू पडत नाही. म्हणून खरोखरच एकमेव असलेल्या घटकापुरताच त्याचा वापर करणे इष्ट असते.

वर्गांतर : समर्पक वर्ग नसल्यास घटक ‘सर्वसाधारण’ वर्गात घालतात. असा घटक आयएफसी रूपात पाठविताना त्याचा खरा वर्ग एका वेगळ्या प्राचलात लिहून ठेवता येतो. हे न केल्यास सर्वसाधारण वर्गात गेलेली भिंत चित्रात दिसते, परंतु भिंतींच्या परिमाणांतून गळते.

सूत्र आणि कारागीर : पर्यायी रचना यशस्वी झाली, तरी ती वस्तुस्थितीशी जुळेलच असे नाही. चाळीच्या गॅलरीचा कठडा याचे साधे उदाहरण देतो. दोन खांबांमधील अंतर २,४०० मिमी. असून गज १२० मिमी. अंतरावर असतील, तर २० गाळे व १९ गज होतात. शेजारच्या खणात खांबांमधील अंतर २,३१० मिमी. असल्यास अंतर १२० मिमी.हून वाढू न देणारे सूत्र पुन्हा २० गाळे धरते आणि गज ११५·५ मिमी. अंतरावर समान वाटून देते. सुतार बहुधा असे करीत नाही. त्याच्या हातातील पट्टी १२० मिमी.ची असते. तो त्याच मापाने १९ गज लावीत जातो व उरलेली ३० मिमी.ची फट शेवटच्या खांबाशी सोडतो. दोन्ही रीतींत गज १९ च येतात, त्यामुळे तक्ता बरोबर जुळतो. मात्र एकाही गजाची जागा बरोबर नसते. कठड्याच्या बाबतीत ही चूक क्षम्य आहे. भार वाहणाऱ्या घटकाच्या बाबतीत तीच चूक गंभीर ठरते.

न दिसणारा भाग : लाकडी सांगाड्याच्या इमारतीत सर्वांत निर्णायक भाग सहसा दिसत नाही. कडीचे किंवा तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते, तेथे पावसाचे पाणी मुरते, हवा खेळत नाही आणि लाकूड कुजते वा त्यास वाळवी लागते. लेसर-क्रमवीक्षणातून मिळणारा बिंदुमेघ केवळ पृष्ठभाग टिपतो. भिंतीच्या आतील टोकाविषयी तो काहीच सांगत नाही. फॅमिली मात्र तेथे मूल्य मागते. टोक भिंतीत किती शिरले आहे, हे प्राचल रिकामे ठेवल्यास आकार तयारच होत नाही. मग प्रतिमान करणारा एखादे नेहमीचे मूल्य भरतो व प्रतिमानात निकोप, सरळ, पूर्ण छेदाचे टोक दिसू लागते.

याचा परिणाम साध्या गणिताने स्पष्ट होतो. कडीचे टोक भिंतीवर १५० मिमी. टेकलेले आहे असे धरले आणि त्यातील १०० मिमी. भाग प्रत्यक्षात कुजून निकामी झालेला असला, तर तोच भार ५० मिमी. लांबीवर येतो, म्हणजे टेकणीवरील दाब तिप्पट होतो. मधल्या भागात १५० मिमी. उंचीची कडी ३० मिमी.ने झिजून १२० मिमी. उरली असेल, तर तिची वाकणीस तोंड देण्याची क्षमता उंचीच्या वर्गानुसार घटून ६४ टक्के होते आणि लवचिकपणे होणारी वाक जवळजवळ दुप्पट होते. जमिनीच्या बाबतीतही असेच घडते. वेळोवेळी जुन्या कोब्यावर नवी लादी बसविल्याने जाडी व तीबरोबर भार वाढत जातो. प्रतिमानातील जमिनीचा प्रकार मात्र एकच जाडी सांगतो.

मुंबई शहरात हा प्रश्न केवळ आरेखनाचा नाही. १९६९ च्या अधिनियमान्वये जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन करण्यात आले. पुढे १९७७ मध्ये म्हाडाची स्थापना झाल्यावर ते तिच्यात समाविष्ट झाले. उपकरप्राप्त इमारतींचे बांधकामकाळानुसार तीन वर्ग आहेत : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या आणि १९५१ च्या आरंभापासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या. गिरगाव, परळ व लालबाग येथील बहुतेक लाकडी चाळी पहिल्या वर्गात मोडतात. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी करून मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते. इमारत दुरुस्त करावयाची की रिकामी करावयाची, टेकू कोठे लावावयाचे, कोणते खांब बदलावयाचे, हे निर्णय तेथे राहणाऱ्या कुटुंबांच्या जीविताशी व घरावरील हक्काशी निगडित असतात. असे निर्णय घेताना प्रतिमान समोर ठेवले जात असेल, तर त्यातील मोजलेले काय व मानलेले काय, हे वाचणाऱ्यास कळणे अगत्याचे ठरते. मुंबई मेट्रोचा मार्ग ३ गिरगाव व काळबादेवी यांच्या जुन्या वस्तीखालून नेण्यात आला आणि २०२५ मध्ये तो पूर्णपणे सुरू झाला. अशा भूमिगत कामांच्या वेळी लगतच्या इमारतींची आधीची स्थिती नोंदवून ठेवण्याचे महत्त्व पुन्हा प्रत्ययास येते. कारण भेग कामापूर्वीची की नंतरची, हा वाद त्या नोंदीवरच मिटतो.

अज्ञाताची नोंद : या अडचणीवरील पर्यायी रचना भूमितीची नसून माहितीची आहे. प्रत्येक भारवाही फॅमिलीला ‘मापाचा आधार’ असे एक जादा प्राचल जोडतात व त्याला तीनच मूल्ये ठेवतात : मोजलेले, अनुमानित व गृहीत. प्रत्यक्ष पट्टीने वा बिंदुमेघातून आलेले माप पहिल्यात, शेजारच्या उघड्या कडीवरून बांधलेला अंदाज दुसऱ्यात आणि केवळ आकार उभा राहावा म्हणून भरलेले मूल्य तिसऱ्यात मोडते. हे प्राचल नगाच्या पातळीवर असावे लागते. प्रकाराच्या पातळीवर ठेवल्यास एका कडीचे मोजमाप सर्व कड्यांना लागू पडल्याचा भास होतो. त्याबरोबर मापाचा दिनांक व भिंत उघडून पाहिली किंवा नाही, याचीही नोंद करतात. पुढे या मूल्यानुसार घटकांना वेगवेगळे रंग देता येतात. त्यामुळे एका दृष्टिक्षेपात इमारतीतील अज्ञात प्रदेश दिसतो व भिंत कोठे उघडून पाहावयाची, याचा क्रम ठरविता येतो.

अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने २००८ मध्ये १०० ते ५०० असे जे विकासस्तर प्रचारात आणले, त्यांची या नोंदीशी गल्लत होऊ देऊ नये. हे स्तर मुख्यतः नव्या इमारतीचा घटक आराखड्याच्या कोणत्या टप्प्यावर पोहोचला आहे, ते सांगतात. चाळीतील एखादी कडी बारकाव्यांसह रेखाटलेली असूनही तिचे माप सर्वस्वी गृहीत असू शकते. तपशील वाढला म्हणजे ज्ञान वाढले असे नाही.

टेकू व दुरुस्त्या यांची नोंद काळाच्या टप्प्यांनुसार करणे श्रेयस्कर असते. मूळ बांधकाम, आधीच्या दुरुस्त्या, सद्यःस्थिती व प्रस्तावित काम असे टप्पे पाडल्यास जुना लाकडी खांब व त्याला जोडलेला लोखंडी गर्डर हे दोन्ही प्रतिमानात राहतात. तात्पुरता म्हणून लावलेला टेकू प्रत्यक्षात अनेक वर्षे जागेवर राहत असल्याने त्याला भारवाही घटक मानूनच नोंदविले पाहिजे. तो वगळल्यास गणितात भार अशा खांबावर पडतो, जो तो भार कधीच वाहिनासा झालेला असतो.

निवडीची तत्त्वे : कोणत्या घटकासाठी कोणती रचना वापरावी, हे घटक कसा घडला यावरून ठरवावे. कारखान्यात किंवा साच्यात घडलेल्या घटकासाठी, उदा., गिरणीचा बिडाचा खांब अथवा बीडीडी चाळीचा गाळा, साधी प्राचलबद्ध फॅमिली पुरेशी असते. दादरच्या शिवाजी पार्क परिसरातील १९३०–४० च्या दशकांतील इमारतींचे गोलाकार सज्जे वक्र असले, तरी त्यांची वक्रता कंपासाने आखलेली आहे. तेही नेहमीच्या फॅमिलीत बसतात. हाताने घडलेल्या पण पुनरावृत्त घटकासाठी एक फॅमिली व प्रत्येक नगाची वेगळी मापे ही रचना योग्य होय. काळाने विरूप केलेल्या घटकासाठी अनुकूली किंवा जागच्या जागी घडविलेली फॅमिली वापरावी. जो भाग दिसलाच नाही, तेथे आकार साधा ठेवून ‘गृहीत’ ही नोंद ठळक करावी. पर्यायी रचनेचे कारण फॅमिलीच्या वर्णनातच लिहून ठेवणेही आवश्यक आहे. आज्ञावलीच्या पुढील आवृत्तीत मूळ मर्यादा दूर झाली, तर कोणती युक्ती काढून टाकता येईल, हे त्यावरून समजते. कलत्या भिंतींसाठी पूर्वी केलेल्या युक्त्यांच्या बाबतीत असे झालेले आहे.

आज्ञावल्यांच्या मर्यादा आवृत्तीगणिक कमी होत आहेत आणि बिंदुमेघावरून घटक आपोआप ओळखण्याच्या पद्धतीही विकसित होत आहेत. तथापि भिंतीच्या आतील लाकूड त्यांनाही दिसत नाही. तेथील स्थिती कळण्यासाठी गिलावा काढून, लाकडात टोचणी घालून व ठोकून पाहण्याची मिस्त्रींची जुनी रीत अद्याप आवश्यक आहे. तिच्या निष्कर्षासाठी जागा राखून ठेवणारी फॅमिली हीच जुन्या इमारतीच्या प्रतिमानात उपयुक्त ठरते.